तात्यांचे पाय आणि पिंपातलं औषध

आमच्या तात्यांनी उभ्या आयुष्यात दारूचा थेंब ओठाला लावलेला नाही. पायाला मात्र एकदा लावली. चांगली घोट्यापर्यंत, पुण्यातल्या एका नावाजलेल्या बारच्या दारात, दिवसाढवळ्या आणि माझ्या देखरेखीखाली!

तात्या म्हणजे माझे चुलते. गळ्यात तुळशीची माळ, डोक्याला पटका, आणि सगळी हयात शेळ्या-मेंढ्यांमागे गेलेली. माझे वडील गेल्यापासून घरात शब्द तात्यांचाच. मी सिरसाळ्यात पशुखाद्याचं दुकान चालवतो, चार पुढाऱ्यांना नावानं हाक मारतो, कॉलेजसाठी एक वर्ष पुण्यात राहूनही आलोय (एकच वर्ष का, हा वेगळा विषय आहे), पण तात्यांपुढे माझी किंमत दाव्याला बांधलेल्या करडाएवढी. सोयरीक असो की बोअरवेल, तात्या मान हलवतील तेव्हाच पुढचं बोलायचं.

तर झालं असं, की आमच्या लेकीनं, रेणुकेनं, पुण्यात स्वतःच मुलगा पसंत केला. ती तिथं एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. तिनं आईला सांगितलं आणि आईनं, म्हणजे आमच्या मंगलनं, मला जेवताना सांगितलं. मुलाचं नाव अमोल. आपल्याच जिल्ह्यातल्या पालीचा, आपल्यातलाच, बिंदुसरा धरणाच्या कडेला शेती, माणसं साधी. मी दुसरी भाकरी मागून घेतली.

"काम काय करतो?"

"बारमधी आहे," मंगल म्हणाली.

घास तिथंच अडकला!

"तसला नाही म्हणे," ती पाणी पुढं करत म्हणाली. "मोठ्या लोकांचा. वेगवेगळ्या दारू एकत्र करून लाकडाच्या पिंपात महिनोन्महिने मुरवायच्या, हे त्याचं काम. चव घ्यायला लोक लांबून येतात म्हणे. आणि पोरगी म्हणते, तात्या नाही म्हणाले तर मी पळून जाणार नाही. पण मग दुसरीकडं बघूही नका."

आता आली का पंचाईत! रेणुका हट्टी नाही, पण बोलली की बोलली. एका बाजूला लेकीचा संसार आणि दुसऱ्या बाजूला तात्यांच्या गळ्यातली माळ. मंगल म्हणाली, "खरं काय ते सांगून टाका त्यांना." मी म्हणालो, "तू गप्प बस. पुण्यात राहिलेला माणूस आहे मी."

दुसऱ्या दिवशी गोठ्यात तात्यांना गाठलं.

"पोरगं काय करतंय?" तात्यांनी पहिलाच प्रश्न नेमका नको तो विचारला.

"हॉटेलात आहे, तात्या. सरबतं बनवतो."

"सरबतं? आन् त्याच्यावर पोट भरतंय?"

"साधी नाहीत. जुन्या पद्धतीची. लाकडी पिंपात मुरवतात."

"मुरल्याबिगर चव न्हाई," तात्या खूश झाले. "लोणचं घे, न्हाईतर माणूस घे." मग शेळीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "चल, बघून येऊ. पर घरी न्हाई, कामावर बघायचं."

हा तात्यांचा कायदा. ते म्हणतात, शेळी बाजारात बघू नये, चरताना बघावी. बाजारात शिंगाला रंग लावून, अंगाला तेल चोळून, पोटभर पाणी पाजून उभी करतात. सगळ्याच शेळ्या तिथं गुणाच्या! नवऱ्या मुलाचंही तसंच. माजलगावचं एक चांगलं नोकरीवालं स्थळ त्यांनी एवढ्यासाठी मोडलं, की मुलानं कामावर जाताना कुत्र्याला लाथ घातली. (माझ्या वेळी मात्र सासऱ्यांनी मला आमच्या बैठकीत, मित्राच्या उसन्या कोटात पाहिलं होतं. तेव्हा हा कायदा आमच्या बाजूच्यांना लागू नव्हता.)

म्हणजे तात्यांना बारमध्येच न्यायचं होतं. मी रेणुकेला फोन लावला.

"बाबा, तुम्ही तात्यांना सरबत सांगितलं?" ती ओरडली.

"अगं, दुपारी जाऊ. गिऱ्हाईक नसेल. अमोलला सांग, लिंबू पिळत उभा राहा."

"तो खोटं वागणार नाही, बाबा."

"त्याला वागायला कोण सांगतंय? मी आहे ना!"

पुण्यात उतरलो. माझ्या डोक्यात बार म्हणजे आपल्या फाट्यावरचा परमिट रूम; लाल बल्ब, फरशीवर शेंगांची टरफलं आणि कोपऱ्यात कोणीतरी रडतंय. पण ही जागा पाहून मी चाट पडलो. झाडांची शांत गल्ली, जुना बंगला, वेताच्या खुर्च्या, आत हळू आवाजात गाणं. एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत बसले होते आणि त्यांच्या पायाशी कुत्रं झोपलं होतं. कुणालाही कसलीच घाई नाही. पाटी इंग्रजीत, तीही तळहाताएवढी. मला इतकं हायसं वाटलं, की क्षणभर माझाच माझ्या सरबतावर विश्वास बसला!

"लई झ्याक जागा हाय," तात्या म्हणाले आणि पायरीवर वहाणा काढून थांबले.

"चला ना आत."

"पाय धुतल्याबिगर? सोयरिकीला आलोत आपुन, का बाजाराला?"

हे मी साफ विसरलो होतो. आमच्याकडे सोयरिकीचा पाहुणा दारात आला, की आधी पायावर पाणी. त्याशिवाय तात्या उंबरा ओलांडत नाहीत. उन्हाळ्यात टँकर आठ-आठ दिवस येत नाही, पण दारातल्या टिपाडाच्या तळाशी तांब्याभर पाणी पाहुण्याच्या पायांसाठी राखलेलं असतंच. आणि इथं पाहतो तर काय! पडवीत, लाकडी घोडीवर, लोखंडी पट्ट्यांचं एक लाकडी पिंप आडवं ठेवलेलं. गुडघ्याएवढ्या उंचीवर पितळी तोटी. तोटीखाली पसरट परात. शेजारी ठेंगणं स्टूल, आणि स्टुलावर पांढरा स्वच्छ पंचा, घडी घालून.

"हे पाय धुवायचं टिपाड का?" तात्यांनी विचारलं.

आता इथं माझी अक्कल पाहा. ते पिंप कसलं, हे मला दिसताक्षणी कळलं होतं. पण "नाही" म्हटलं, की पुढचा प्रश्न "मग काय हाय त्यात?" हा येणार. म्हणून मी म्हणालो, "हो, तेच. तुम्ही बसा जरा, मी अमोलला घेऊन येतो." मला वाटलं, तोटीला कुलूपबिलूप असेल. तोटीला कुलूप असतं का कधी? पण पुण्यात राहिलेल्या माणसाला असलं काहीही वाटू शकतं.

रेणुका आतच होती. अमोलही होता, उंच, सावळा, बाह्या दुमडलेला, हातात खरोखर लिंबू. पोरगं मला पाहताच आवडलं. तो पाया पडला आणि म्हणाला, "मामा, तात्या कुठं आहेत?"

"बाहेर पाय धुतायत."

"कशानं?" अमोलनं विचारलं, आणि लिंबू त्याच्या हातातून खाली पडलं.

आम्ही तिघं पडवीत धावलो. तात्या स्टुलावर पटका सावरून बसले होते, धोतर गुडघ्यापर्यंत ओढलेलं, आणि दोन्ही पाय तोटीखाली. पायांवर लालभडक धार पडत होती. कपिलधारला धबधब्याखाली बसलेल्या माणसाच्या तोंडावर असतं, तसं समाधान त्यांच्या तोंडावर होतं.

"सोय लई चांगली केलीय रे पोरा," तात्या अमोलला म्हणाले. "पाण्यात औषध बी घातलंय. खुरकतीत आमी जनावराच्या खुराला लावतो, तेच लाल औषध हाय न्हवं का? आधी टाचंच्या भेगात आग आग झाली. आता गार वाटतंय."

पावसाळ्यापासून मुरत ठेवलेलं ते पिंप होतं! निग्रोनी नावाचा काहीतरी जुना, नामांकित प्रकार. त्या संध्याकाळी नेहमीच्या मंडळींसमोर त्याची तोटी पहिल्यांदा उघडायची, म्हणूनच ते मानानं पडवीत आणून मांडलेलं. आणि तो मान तात्यांच्या भेगाळल्या टाचांनी घेतला! रेणुकेनं तोंडावर ओढणी धरली. (ती रडतेय की हसतेय, हे मी बघायचं टाळलं.) अमोलनं तोंड उघडलं.

"तात्या, ते..."

"औषधच!" मी मध्येच ओरडलो आणि अमोलच्या दंडाला असा चिमटा काढला, की बिचारा कळवळला. "बरोबर ओळखलं तात्या. शहरात आता असंच असतं. बाहेरून आलेल्या माणसानं पाय औषधात धुवूनच आत जायचं. साथी किती आल्यात!"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पायांकडे पाहिलं. मग नाक ओढलं.

"असं का? मग तू बी धू."

"माझे पाय बरे आहेत, तात्या."

"साथ काय पाय बघून येती व्हय? धू म्हन्लं ना."

धुतले. काय करता? पन्नाशीचा बाप्या, अंगणवाडीतल्या पोरासारखा चपला काढून स्टुलावर बसलो.

"तोंडावरून बी हात फिरव."

"तोंडावरून कशाला?"

"औषध हाय न्हवं? मग पायालाच कावून? तोंडानं काय पाप केलंय?"

तोंडावरून फिरवलं. डोळ्यांची अशी आग झाली, की मला समोर दोन तात्या दिसायला लागले. दोघंही एकदम म्हणाले, "आता चूळ भर."

"तात्या, पोटात गेलं तर..."

"गेलं तर गेलं. औषधच हाय, तूच म्हन्लास."

मी अमोलकडे पाहिलं. त्याचा चेहरा सांगत होता, की मामा, एक शब्द खरा बोला आणि सुटा. पण खोटं बोलणाऱ्याला मागं वळायला रस्ता नसतो. मी ओंजळभर तोंडात घेतलं, कडू जहर! थुंकायला वळणार, तोच तात्यांनी पाठीवर थाप मारली, "शाबास!" आणि सगळं पोटात. आमच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्यांत पहिला घोट घेतला, तो असा, चुलत्याच्या आशीर्वादानं.

तात्यांनी तोटी घट्ट बंद केली. मग परात उचलली आणि ते लाल पाणी दारातल्या कुंडीत ओतलं. "पाणी वाया घालवायचं न्हाई," ते म्हणाले. आमच्या जिल्ह्यातला माणूस धुण्याचंही पाणी झाडालाच घालतो. मी त्यांना अडवणार कसा? कुंडीत मोगरा होता. त्याचं पुढं काय झालं, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

पंच्यानं पाय पुसून आम्ही आत बसलो. अमोलनं तात्यांना खरंखुरं लिंबू सरबत आणून दिलं. मला वाटलं, निभावलं. तेवढ्यात संध्याकाळची मंडळी येऊ लागली. त्यातले एक गृहस्थ, पांढऱ्या केसांची शेंडी बांधलेले, दारातून आत येता येताच म्हणाले, "अरे अमोल, पिंप उघडलंत वाटतं! वास गल्लीच्या तोंडापर्यंत आहे. मान कुणाला दिला?"

"म्या उघडलं," तात्या म्हणाले.

गृहस्थांनी पटका पाहिला, माळ पाहिली आणि आदरानं खुर्ची ओढून समोर बसले. "कसं वाटलं?"

"आधी आग व्हती. मग गारवा येतो."

"वा! अगदी हेच!" गृहस्थ खुर्चीत पुढं सरकले. "आणि नंतर?"

"मंग हळूहळू वर चढतंय. घोट्यापासून."

"घोट्यापासून?" गृहस्थांनी डोळे मिटले. "इतकी वर्षं घेतोय मी, पण हे असं कुणी सांगितलं नव्हतं. नवशिक्याच्या डोक्यात जाते. घोट्यापर्यंत जाणवायला साधना लागते!"

"साधना कसली? भेगा पाहिजेत," तात्या म्हणाले.

गृहस्थांनी "भेगा!" असं दोनदा म्हटलं आणि ते विचारात पडले. मग ते उठून अमोलला म्हणाले, "मलाही तेच दे. त्याच पिंपातलं."

आता मात्र बिंग फुटणार होतं. मी "डोळे धुवून येतो" म्हणून मोरीत पळालो. दार लावलं, साबणानं तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, आणि बाहेरच्या हसण्याचा गलका ऐकत बराच वेळ आतच उभा राहिलो. लेकीची सोयरीक बाहेर मोडत होती आणि बाप मोरीत लपला होता. खरं सांगतो, त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटून कडी उघडत नसते.

शेवटी बाहेर आलो, तर चित्र वेगळंच. ते शेंडीवाले गृहस्थ वाकून तात्यांना नमस्कार करत होते (नमस्कार करत होते की पायांचा वास घेत होते, हे मला आजही सांगता येणार नाही). अमोल तात्यांसमोर मान खाली घालून उभा. रेणुकेचे डोळे ओले. आणि तात्यांनी पिशवीतून नारळ, टॉवेल आणि टोपी काढली. टोपी अमोलच्या डोक्यावर ठेवली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि नारळ हातात दिला.

"पोरगं पसंत हाय," तात्या म्हणाले.

बारमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या! मला काही सुधरेना, पण श्रेय घ्यायला सुधरावं लागत नाही. मी रेणुकेच्या कानात म्हणालो, "बघितलंस? मी होतो म्हणून जमलं." ती माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिली, की मी विषय बदलला. निघताना तात्या म्हणाले, "पोरा, त्यातलं एक बाटली भरून दे. शेळीचं खूर दुखतंय." अमोलनं हसत हसत भरून दिली. ती बाटली अर्थातच माझ्या पिशवीत आली.

रात्रीच्या गाडीत त्या बाटलीचं बूच सैल झालं. शेजारचा प्रवासी आधी खिडकीकडे सरकला, मग उठूनच गेला. कंडक्टर म्हणाला, "काका, ओकू नका बरं का." मी तात्यांकडे आधाराला पाहिलं. तात्या आपलं घोंगडं घेऊन पुढच्या सीटवर जाऊन बसले. वर कंडक्टरला म्हणाले, "वळखीचा न्हाई आपल्या."

सकाळी सिरसाळ्याला उतरलो. मंगल दारातच उभी होती. सोयरीक जमल्याचं तिला फोनवर कळलेलं, हातात साखरेची वाटी. ती हसत पुढं आली आणि दोन पावलांवर थबकली. माझा शर्ट, माझे लाल डोळे, पिशवीतून ठिबकणारं लाल पाणी.

"तुम्ही प्यालात?"

"मी? तात्यांना विचार!"

"प्याला," तात्या टिपाडापाशी पाय धुता धुता शांतपणे म्हणाले. "माझ्या म्होरं. चांगला ओंजळभर."

"तात्या! तुम्हीच म्हणालात औषध आहे, चूळ भर!"

"म्या जल्मभर खुरकतीचं औषध वापरलंय," तात्या म्हणाले. "त्याला परमिट रूमचा वास असतो का रे?"

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"पाय धुताना न्हाई कळलं. तू औषध म्हन्लास, तवा नाक लावलं. मंग कळलं."

"मग मला तोंड कावून धुवायला लावलं?" पुण्यात राहिलेल्या माणसाची भाषासुद्धा त्या धक्क्यानं जाग्यावर आली.

"म्हन्लं बघावं, तुझी लबाडी कुठवर चढती. तू तर गिळलं बी!"

मंगलनं पदर तोंडाला लावला. तात्यांनी तांब्या खाली ठेवला आणि मग जरा निराळ्या आवाजात म्हणाले, "तू मोरीत दडून बसलतास, तवा पोरगं म्होरं आलं. सगळ्या लोकांत म्हन्लं, तात्या, ती दारू हाय, आन् ती म्याच करतो. तुमी मला न्हाई म्हन्लात तरी चालंल, पर खोट्यावर रेणुका नको. सोयरीक मोडंल हे त्याला ठाव व्हतं, तरी बोललं. येवढी मेहनत माझ्या पायाखाली गेली, त्याचा शबूद बी काढला न्हाई. शेळी चरताना बघावी म्हन्तो, ते ह्याच्यासाठी."

"पण तात्या, दारूचा धंदा... तुमची माळ?"

"माळ माझ्या गळ्यात हाय, त्याच्या न्हाई. आपुन बोकडं इकतो की. घेणारा काय पूजा घालाया नेतो व्हय?"

मंगलचे डोळे भरून आले, माझेही आले (पिंपातल्या औषधाचा थोडा वाटा होताच). तिनं तात्यांच्या हातावर साखर ठेवली आणि वाकून नमस्कार केला. मग मीही हात पुढं केला. तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि साखरेची वाटी पदराआड घेतली.

"माझ्या बापानं तुम्हाला तेवढं बाजारात बघून घेतलं," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

तो कोट उसना होता, ही बातमी तिला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी लागली होती. केसाचा कलप आणि हातातलं घड्याळही मित्राचंच होतं, हे मी अजून सांगितलेलं नाही.